शेजारी समुद्र, तरी पाण्याची चणचण: किनाऱ्यावरच्या अग्निशमन दलाचे वर्ष

अग्निशमन दलाचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध झाला की त्यातील दोन आकड्यांची हमखास चर्चा होते. वर्षभरात दलाला एकूण किती वर्दी आल्या, हा पहिला आकडा. आणि त्यांपैकी प्रत्यक्ष आगीच्या किती होत्या, हा दुसरा. वर्दी म्हणजे मदतीसाठी केंद्रावर आलेली खबर, मग ती आगीची असो, अपघाताची असो किंवा रस्त्यात झाड आडवे पडल्याची असो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की सामान्य वाचक बुचकळ्यात पडतो, कारण त्यांच्यातील तफावत फार मोठी असते. अमेरिकेतील अग्निशमन दलांचे उदाहरण घेतले, तर तेथे शंभर वर्दींमध्ये आगीच्या जेमतेम चार असतात आणि निम्म्याहून बऱ्याच अधिक वर्दी वैद्यकीय मदतीच्या असतात. मग एवढे बंब, एवढी माणसे आणि एवढा खर्च कशासाठी, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. शहर समुद्रकाठचे असेल, तर त्याला आणखी एक प्रश्न येऊन चिकटतो: दारात एवढा समुद्र पसरलेला असताना ऐन आगीत पाणी कमी कसे पडते?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. समुद्राचा शेजार अग्निशमनाचे काम सोपे करतो, हा समज मला मुळातच चुकीचा वाटतो. तो शेजार बहुतेक वेळा काम अवघड करतो, आणि दलाचे वर्षभराचे वेळापत्रकही बऱ्याच अंशी तोच ठरवतो.

आग थांबत नाही, म्हणून माणसे थांबून राहतात

बंद खोलीत लागलेली आग सुरुवातीला एखाद्या वस्तूपुरतीच असते. तिच्यातून निघणारा धूर आणि तापलेले वायू छताखाली साठत जातात, त्यांचा थर हळूहळू खाली उतरतो, आणि त्याचे तापमान साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला पोहोचले की खोलीतील जळण्याजोगी प्रत्येक वस्तू जवळजवळ एकाच वेळी पेट घेते. या अवस्थेला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर त्या खोलीत अडकलेला माणूस वाचत नाही. संरक्षक पोशाख आणि श्वसनयंत्र चढवलेला फायरमनही तेथे फार काळ तग धरू शकत नाही. अमेरिकेतील यूएल या चाचणी संस्थेने लाकडी व सुती सामानाची एक खोली आणि फोम व कृत्रिम धाग्यांच्या सामानाची दुसरी खोली मुद्दाम पेटवून पाहिली, तेव्हा पहिलीत फ्लॅशओव्हर व्हायला सुमारे अर्धा तास लागला आणि दुसरीत तो पाच मिनिटांच्या आत झाला. आजची बहुतेक घरे दुसऱ्या प्रकारच्या सामानाने भरलेली आहेत.

याचा अर्थ असा की वर्दी मिळाल्यावर माणसे गोळा करणे परवडणारे नसते. ती आधीच केंद्रावर हजर असावी लागतात. वर्षात ८,७६० तास असतात. सुट्या, आजारपण आणि प्रशिक्षण वजा जाता एक कर्मचारी वर्षाला साधारण १,८०० ते २,१०० तास भरतो. म्हणजे बंबावरची एकच जागा दिवसरात्र भरलेली ठेवायची तर चार ते पाच माणसे नेमावी लागतात, आणि पाच जणांचा एक बंब म्हणजे वीस-पंचवीस जणांचा ताफा होतो. अहवालातील कर्मचारीसंख्या फुगलेली वाटते, त्यामागचा हिशेब बहुतेक वेळा एवढाच असतो. उलट ती संख्या कागदावर भरपूर दिसते आणि प्रत्यक्ष पाळीवर मात्र तुटपुंजी माणसे असतात, हेच अधिक काळजीचे आहे.

समुद्राचे पाणी सरळ का वापरत नाहीत?

आग विझवण्याच्या दृष्टीने खाऱ्या आणि गोड पाण्यात व्यवहारात फरक नाही. पाणी आगीला थंड करते, आणि त्यातही खरे काम त्याची वाफ होताना घडते. एक लिटर पाणी उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सहापटीहून अधिक उष्णता त्याची वाफ होताना शोषली जाते. हे काम समुद्राचे पाणीही तितक्याच चोखपणे करते. अडचण आहे ती पाणी उचलण्याची.

बंबावरचा पंप समुद्रातून पाणी खेचतो, असे आपण म्हणतो; प्रत्यक्षात पंप नळीतील हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हवेचा दाब पाण्याला जास्तीत जास्त दहा मीटरच्या आसपास चढवू शकतो, आणि जोडांमधील गळती व नळीतील घर्षण धरले तर व्यवहारात ही मर्यादा सात मीटरच्या जवळपास येते. पंप कितीही महागाचा घेतला, तरी या नियमातून सुटका नाही. आता धक्क्याची उंची आणि ओहोटीचे पाणी यांचा विचार करावा. भरतीच्या वेळी धक्क्यावरून दोन मीटर खाली असलेले पाणी, भरती-ओहोटीतील फरक मोठा असेल, तर सहा तासांनी पंपाच्या आवाक्याबाहेर गेलेले असते. उतरत्या किनाऱ्यावर ते खाली जाते तसे दूरही जाते, आणि मधल्या चिखलात कित्येक टनांचा बंब उतरवणे म्हणजे तो गमावणेच असते.

पाणी आवाक्यात असले, तरी काम संपत नाही. शोषण नळीच्या टोकाला जाळीदार गाळणी बसवलेली असते आणि ती पाण्यात पुरेशी खोल बुडालेली असावी लागते. ती वर राहिली तर भोवरा तयार होऊन नळीत हवा शिरते, पंप पकड सोडतो आणि आगीसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील धार क्षणात मंदावते. ती फार खाली गेली, तर वाळू आणि गाळ खेचून पंपाची आतली पाती झिजतात. त्यामुळे गाळणीला दोर बांधून ती तळापासून वर आणि पृष्ठभागाखाली अशी अधांतरी धरून ठेवावी लागते, आणि पाणी ओसरू लागले की तो दोर सतत सैल करत राहण्यासाठी एक माणूस तेथेच गुंतून पडतो. आगीच्या बातम्यांमध्ये हा माणूस कधीच दिसत नाही.

पुढचा प्रश्न अंतराचा आहे. ६३ मिलिमीटर व्यासाची आणि ३० मीटर लांबीची नळी पाण्याने भरली की नव्वद किलोहून अधिक जड होते. आग किनाऱ्यापासून किलोमीटरभर आत असेल, तर नुसती नळी भरायलाच तीन हजार लिटरहून जास्त पाणी लागते, आणि घर्षणामुळे कमी होत जाणारा दाब टिकवण्यासाठी मध्ये आणखी पंप लावावे लागतात. हे सगळे मांडून होईपर्यंत बंबातले पाणी पुरवायचे असते. ५,००० लिटरचा बंब मिनिटाला ५०० लिटर या वेगाने दहा मिनिटांत रिकामा होतो, आणि एवढ्या धारेने मध्यम आकाराची आगसुद्धा पुरती विझेलच असे नाही. बंब पाणी भरायला निघून जाताना पाहून लोक चिडतात; पण तो पळ काढत नसतो.

शिवाय खाऱ्या पाण्याची किंमत नंतर मोजावी लागते. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असलेले पाणी पंपाचे धातूचे भाग, झडपा आणि जोड खाऊन टाकते, म्हणून प्रत्येक वापरानंतर सगळी यंत्रणा गोड्या पाण्याने धुवावी लागते. हे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्याने चालू वीजप्रवाहाजवळ ते अधिक धोकादायक ठरते.

तरीही समुद्र हाच शेवटचा आधार ठरल्याची उदाहरणे आहेत. सॅन फ्रान्सिस्कोत १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपाने मरीना भागातील जलवाहिन्या फोडल्या आणि हायड्रंट, म्हणजे बंबांना पाणी देणारे रस्त्यावरचे नळ, कोरडे पडले, तेव्हा ‘फिनिक्स’ या अग्निशमन नौकेने खाडीतून पाणी उपसून ते जमिनीवरच्या नळ्यांमध्ये सोडले आणि आग विझवता आली. तेथे नौका होती, मोठ्या व्यासाच्या नळ्या वाहून नेणाऱ्या गाड्या होत्या आणि त्या जोडण्याचा सराव केलेली माणसे होती. नुसता समुद्र असून ते साधले नसते.

जहाजावरच्या आगीवर पाण्याचा मारा का करत नाहीत?

बंदर असलेल्या शहरात वर्षाकाठी जहाजावर लागणाऱ्या आगी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात, किंवा नसतातही. तरी त्यांच्या तयारीवर वेळ खर्च करावा लागतो, कारण इमारतीच्या आगीचे जवळजवळ सगळे शहाणपण जहाजावर उलटे पडते.

इमारतीत धुराला वाट करून देतात आणि खालून आत शिरतात. जहाजात बहुधा वरून, म्हणजे धूर ज्या जिन्याने वर येतो त्याच जिन्याने खाली उतरावे लागते. भिंती पोलादी असल्याने एका कप्प्यातील आग शेजारच्या कप्प्यातील सामान ज्वाळा न लागताही पेटवते, म्हणून पेटलेल्या कप्प्याच्या सहाही बाजू, अगदी डेकसकट, थंड ठेवाव्या लागतात. श्वसनयंत्राच्या नळकांड्यातील हवा कठोर श्रम करताना अर्ध्या तासाच्या आसपास संपते, आणि त्या अर्ध्या तासात जाणे, काम करणे व परत येणे असे तिन्ही बसवायचे असते. अनोळखी जहाजाच्या पोटात, दाट धुरात, हा हिशेब चुकायला वेळ लागत नाही.

सर्वांत मोठा धोका मात्र विझवणाऱ्या पाण्याचाच असतो. पसरट परातीत पाणी घेऊन चालणाऱ्याला अनुभव असतो की परात जराशी कलली की सगळे पाणी त्या बाजूला धावते आणि परात आणखी कलते. तेच पाणी घागरीत असेल तर असे होत नाही. जहाजाच्या वरच्या डेकांवर साचलेले पाणी परातीतल्या पाण्यासारखे वागते. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या धक्क्याला उभ्या असलेल्या ‘नॉर्मंडी’ या विशाल प्रवासी जहाजावर वेल्डिंगच्या ठिणगीने जीवरक्षक जॅकिटांचा ढीग पेटला. नौका आणि बंबांनी तिच्यावर प्रचंड पाणी मारले, संध्याकाळपर्यंत आग आटोक्यातही आली, आणि वरच्या डेकांवर साठलेल्या पाण्याच्या भाराने ते जहाज मध्यरात्रीनंतर धक्क्यालगतच कुशीवर आडवे झाले.

म्हणून जहाजाच्या आगीत पुष्कळदा झाकणे बंद करून, कार्बन डायऑक्साइड सोडून आगीचा प्राणवायू तोडतात आणि वाट पाहतात. धक्क्यावर उभ्या असलेल्या बघ्यांना त्या वेळी दल हातावर हात ठेवून बसल्यासारखे दिसते. अर्थात हा उपायही सरसकट चालत नाही. १६ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी या बंदरगावात ‘ग्रँडकँप’ जहाजावर अमोनियम नायट्रेट या खताने पेट घेतला, तेव्हा माल भिजून खराब होऊ नये म्हणून झाकणे लावून आत वाफ सोडण्यात आली होती. अमोनियम नायट्रेट स्वतःच प्राणवायू पुरवते, त्यामुळे कोंडल्याने ते शांत झाले नाही, उलट तापत गेले. स्फोटात सुमारे ५८० माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांत त्या गावाच्या स्वयंसेवी अग्निशमन दलातील २८ पैकी २७ जण होते. त्याच्या तीन वर्षे आधी, १४ एप्रिल १९४४ रोजी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र होती. कापसातील आग नेमकी कोठे आहे हे सापडण्याआधीच स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. भारतात तो दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. जहाजात काय भरले आहे आणि कोठे भरले आहे, याची यादी बंब धक्क्यावर पोहोचण्याआधी हातात पडणे, हे कोणत्याही पंपापेक्षा महत्त्वाचे का असते, ते या दोन घटनांवरून कळावे.

वर्षाला आकार देतो तो वारा

कोरड्या आणि वाऱ्याच्या महिन्यांत किनारी दलाची झोप उडालेली असते. समुद्रावरून येणारा दमट वारा आगीला आवरतो, ही समजूत खरी ठरतेच असे नाही. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, तर तो उन्हाने वाळलेल्या गवतावरून येतो आणि आगीला वस्तीकडे रेटतो, आणि वस्तीच्या पलीकडे पाणी असल्याने पळायला तेवढीच एक बाजू कमी उरते. हवाईतील लहायना येथे ८ ऑगस्ट २०२३ रोजी हेच घडले. १०२ माणसे दगावली आणि काहींना जीव वाचवण्यासाठी समुद्रात उड्या घ्याव्या लागल्या. घरे जळताना त्यांच्यातील नळ फुटून पाणी वाहून गेले, त्यामुळे हायड्रंटमधील दाबही उतरला.

त्या दिवसाची आणखी एक बाजू अधिक शिकवणारी आहे. सकाळी लागलेली गवताची आग दलाने विझवली, काही तास तेथे थांबून जमीन भिजवली आणि मग जवान परतले. दुपारी त्याच आगीची धुमसणारी धग वाऱ्याने पुन्हा चेतवली, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. ज्वाळा दिसेनाशा झाल्यानंतर तासन्‌तास चालणारे कूलिंगचे काम, म्हणजे ढिगारा उकरून, हाताने चाचपून, प्रत्येक गरम जागा भिजवण्याचे काम, लोकांना रेंगाळणे वाटते आणि अहवालात त्याचे तास वेगळे दाखवलेलेही नसतात.

वादळांच्या मोसमात चित्र पालटते. घरात पाणी शिरले की आग कशी लागेल, असे वाटते. पण खारे पाणी विजेच्या जोडण्यांत शिरले की शॉर्टसर्किट होते. न्यूयॉर्कमधील ब्रीझी पॉइंट वस्तीत २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी वादळात असेच झाले. रस्त्यांवर पाणी, बंब पोहोचू शकत नव्हते आणि वाऱ्याने आग घरामागून घर घेत गेली. शंभराहून अधिक घरे जळाली. अलीकडे यात विजेवरच्या वाहनांची भर पडली आहे. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या लिथियम बॅटरीत मिठामुळे अंतर्गत शॉर्टसर्किट होऊन ती दिवसांनी, कधी आठवड्यांनीही पेट घेऊ शकते. सप्टेंबर २०२२ मध्ये फ्लोरिडात इयन वादळ ओसरल्यावर तेथील दलांना अशा आगींना तोंड द्यावे लागले. पूर ओसरला म्हणजे धोका टळला, असे आता म्हणता येत नाही.

पर्यटकांच्या दिवसांत बुडणाऱ्यांच्या वर्दी वाढतात. त्यांचे तंत्र वेगळे आहे आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एवढेच नोंदवतो की प्रशिक्षण आणि दोर नसलेल्या माणसाने बुडणाऱ्याच्या मागे उडी घेतल्याने एकाऐवजी दोघांना शोधावे लागते.

‘मग उरलेले दिवस ते काय करतात?’

हा आक्षेप थोडा खवचट असला तरी टाळण्याजोगा नाही. शांत दिवशी सकाळची पाळी बदलताना श्वसनयंत्राचा दाब, मुखवट्याची पकड, पंपाची पकड घेण्याची वेळ आणि प्रत्येक कप्प्यातील साहित्य तपासले जाते. नळ्या उलगडून दाबाखाली तपासायच्या, वाळवायच्या आणि घडीची जागा बदलून पुन्हा गुंडाळायच्या, कारण एकाच घडीवर नळी चिरते. किनाऱ्यावर खारी हवा हे काम दुप्पट करते: पितळी जोड हिरवे पडतात, बिजागऱ्या अडकतात, आणि वर्षभर न उघडलेल्या हायड्रंटची झडप ऐन वेळी जागची हलत नाही. या निगराणीतली हयगय शांत दिवशी कोणाच्याच लक्षात येत नाही, म्हणूनच ती सहज होते.

याशिवाय इमारतींची पाहणी, सराव आणि खोट्या वर्दी असतात. खोट्या म्हणजे प्रत्येक वेळी खोडसाळपणाच्या नव्हेत. स्वयंपाकाच्या वाफेने किंवा धुळीने वाजलेल्या स्वयंचलित धोकासूचकांचा त्यांत मोठा भाग असतो. तेथेही पूर्ण ताफा पाठवावाच लागतो, कारण फोनवरून फरक कळत नाही.

अहवाल वाचताना काय शोधावे

आगींची संख्या घटली म्हणून दल कमी करावे, ही मागणी दरवर्षी होते. संख्या घटण्यामागे दलाची पाहणी असू शकते, तसाच ओल्या हवेचा योगायोगही. एका वर्षाच्या आकड्यावरून ते सांगता येत नाही, त्यासाठी किमान काही वर्षांची मालिका हवी. सरासरी प्रतिसादवेळेनेही फसगत होते, कारण केंद्राशेजारच्या वर्दी ती खाली ओढतात. अमेरिकेतील एनएफपीए या अग्निसुरक्षेची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक म्हणूनच सरासरीच्या भानगडीत पडत नाही. आगीच्या वर्दीवर पहिला बंब निघाल्यापासून चार मिनिटांत नव्वद टक्के वेळा पोहोचला पाहिजे, असे ते सांगते. आपल्या अहवालात हा नव्वद टक्क्यांचा आकडा दिसत नसेल, तर तो मागावा.

किनाऱ्यावरच्या शहरासाठी आणखी काही गोष्टी विचारण्याजोग्या आहेत. सर्वांत खोल ओहोटीलाही पाणी उचलता येईल अशा जागा किती आहेत आणि त्या शेवटच्या कधी वापरून पाहिल्या? बंदर प्रशासन, जहाजाचे कप्तान आणि दल यांचा एकत्र सराव झाला का, आणि आग लागल्यास अंतिम निर्णय कोणाचा, हे लेखी ठरले आहे का? मोठ्या आगीत शेजारची दले धावून येतात, या भरवशावर अनेक लहान दलांची आखणी असते. वादळ मात्र सगळ्या किनाऱ्याला एकदमच गाठते आणि शेजारीही आपापल्या पुरात अडकलेले असतात. तेव्हा बाहेरची वीज बंद पडल्यावर आपल्याजवळचे इंधन आणि हवेची नळकांडी भरणारा कॉम्प्रेसर यांच्या जोरावर केंद्र एकट्याने किती तास काम करू शकेल, हा आकडाही अहवालात असायला हवा.